बोरीकाठच्या आठवणींचा जमाखर्च



नळदुर्गाजवळच्या आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते आले, वही बंद केली. चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या आणि विषय किल्ल्यावर आला. गटातल्या एक आजी एकदम म्हणाल्या, "किल्ला आता आपला राहिला नाही गं बायांनो. पहिलं कवाबी उठावं, जावं. आता तिकीट लागतंय." तशी एक तरुण सून पटकन म्हणाली, "आजी, पहिलं तिथं जायची भीती वाटायची. आता निदान लेकरं घेऊन जाता येतंय." दोघींच्या बाजूनं बोलणाऱ्या बाया होत्या. चहा गार झाला, पण वाद काही मिटला नाही.

आम्ही गटाचं काम बघणाऱ्या बाया त्या दिवशी घरी जाताना हाच विचार करत होतो. एखादं ठिकाण माणसं बघायला येऊ लागली की तिथल्या माणसांना आपलंच गाव परकं का वाटू लागतं? जुने दिवस खरंच चांगले होते, का आठवणीत तेवढे चांगले झाले? आणि आपल्या हातात काय आहे? आज याच्यावर बोलू या.

आपलं बेट

बेट म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही, पण बेटासारखी एक जागा आहे, ती म्हणजे नळदुर्गचा किल्ला. काळ्या दगडाची एक जीभ बोरी नदीच्या खोऱ्यात पुढं आलेली आहे आणि तिच्यावर हा किल्ला बांधलाय. नदीपलीकडं रणमंडळ नावाचा दुसरा लहान किल्ला. दोन्हींच्या मध्ये नदी अडवून दगडी बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात, 1613 साली हे काम पुरं झालं. पावसाळ्यात वरचं बोरी धरण भरलं की पाणी बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी धबधब्यासारखं खाली पडतं. त्या दोन सांडव्यांना नर आणि मादी म्हणतात. महालात उभं राहिलं तर समोरून पाण्याचा पडदा पडतो आणि आपण आत कोरडे राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी हे कसं साधलं असेल, याचं नवल आजही वाटतं.

या गावानं मोठे दिवस पाहिलेत. आपला जिल्हा एके काळी नळदुर्ग जिल्हा म्हणूनच ओळखला जायचा. 1853 साली निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा मेडोज टेलर नावाचा साहेब इथं कारभार बघत होता. त्यानं आपल्या आत्मचरित्रात इथल्या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. 1860 साली मुलूख पुन्हा निजामाकडं गेला. पुढं 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबादच्या मुक्तीसाठी भारतीय फौज सोलापूरहून निघाली, तेव्हा पहिली चकमक नळदुर्गलाच झाली आणि बोरीवरचा पूल फौजेनं शाबूत ताब्यात घेतला.

एवढा इतिहास पुस्तकांत आहे. पण त्याच नदीवर धुणं धुणाऱ्या, त्याच बुरजाच्या सावलीला भाकरी सोडणाऱ्या बायांनी काय पाहिलं, ते कुणी लिहिलं? साहेबाचं आत्मचरित्र छापलं गेलं. आपल्या आजीचं तिच्या तोंडातच राहिलं.

जमेची बाजू

आपण गटात जमा आणि खर्च असे दोन रकाने ठेवतो. आम्ही ठरवलं, आठवणींचाही तसाच हिशोब मांडायचा. पुढच्या बैठकीत वय झालेल्या बायांना बोलतं केलं.

जमेला बरंच आलं. श्रावणात नर-मादी वाहू लागले की आवाज लांबवर यायचा आणि पोरं शाळा सोडून पळायची, असं एकीनं सांगितलं. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी घोळक्यानं पाणी बघायला जायच्या. कुणाच्या फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या डब्यात कडबू. तिकीट नाही, वेळ नाही, कुणी विचारणारं नाही. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या मोजत चढायच्या आणि वर जाऊन आपलं घर कुठं दिसतंय ते शोधायचं. एक मावशी म्हणाल्या, "सासरी आल्यापासून एकटीनं मोकळा श्वास घेतला असंल तर तिथंच, त्या बुरुजावर."

मैत्रिणींनो, हे वाक्य नीट ऐका. त्या मावशींना किल्ल्यात राजा कोण होता याच्याशी देणंघेणं नव्हतं. सासरच्या धबडग्यात त्यांना मिळालेली ती फुकटची, मोकळी जागा होती. तिकीट थोड्या पैशांचं असेल, पण ज्या बाईच्या हातात पैसाच नसतो तिला ते नवऱ्याकडं मागावं लागतं. मग "कशाला जायचंय?" हा प्रश्न येतो. मोकळी जागा गेली ती तिथं. किल्ला आपला राहिला नाही म्हणताना आजींना बहुतेक हेच म्हणायचं होतं.

खर्चाची बाजू

पण हिशोब खरा ठेवायचा तर दुसरा रकानाही भरावा लागतो.

त्या सुनेचं म्हणणं आठवा. जुन्या काळी किल्ल्यात झाडोरा माजलेला असायचा, वेड्या बाभळींनी वाटा बुजलेल्या. विंचूकाट्याची भीती होती आणि त्याहून जास्त आडोशाला दारू पीत बसणाऱ्यांची. बायका गेल्या तर घोळक्यानं, आणि दिवस मावळायच्या आत परत. बाईमाणसाला आडोशाची सोय नाही. गेल्या दशकात सरकारच्या 'महाराष्ट्र वैभव' योजनेतून खाजगी सहभागानं किल्ल्याची देखभाल सुरू झाली. साफसफाई झाली, बाग फुलली, पाण्यात नौका आल्या. आज सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं जाणारी माणसं वाट वाकडी करून येतात. हे नाकारून चालणार नाही.

बैठकीत एक काकू शेवटपर्यंत गप्प होत्या. आम्ही विचारलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्हांला जुने दिवस गोड वाटतेत. आम्हांला पाणवठ्यावर लांब थांबायला लावायचे. कुणी वरून वाढलं तर पाणी. आता नळाला सगळ्यांचा हंडा एका रांगेत हाय. मला तर आताचंच गाव बरं." बैठकीत कुणालाच काही बोलायला सुचलं नाही.

आठवणींबद्दल पहिली शिकायची गोष्ट हीच. "पूर्वी सगळं छान होतं" असं कुणी म्हणालं की विचारायचं, कुणाला छान होतं? एकाच गावाचा जुना काळ एकीला माहेर असतो आणि दुसरीला सासुरवास. म्हणून आठवण काढताना सगळ्या घरांतल्या, सगळ्या वस्त्यांतल्या बायांच्या आठवणी काढायच्या. नाहीतर हिशोब अर्धवट राहतो.

दुसरी गोष्ट आपल्या लोहारा-उमरग्याकडच्या मैत्रिणींना चांगली ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि कितीतरी गावं नव्या जागी वसवावी लागली. नव्या गावात रस्ते रुंद, घरं मजबूत. तरी जुन्या बाया अजून "जुन्या गावात" असं म्हणून बोलायला लागतात. त्यांना मातीची पडकी भिंत परत नको असते. शेजारणीचं दार हाकेच्या अंतरावर होतं, ते हवं असतं. म्हणजे हुरहूर दगडविटांची कमी आणि माणसांमाणसांतल्या अंतराची जास्त असते. ते अंतर कमी कसं करायचं, हे आपल्या हातात थोडंफार असतं.

गाव बदलतं कसं?

आता जरा समजून घेऊ. बाहेरची माणसं येऊ लागली की गाव बदलायची एक ठरलेली रीत असते. आधी रस्ता येतो. रस्त्यामागं गाड्या येतात. गाड्यांमागं दुकानं. रस्त्याकडेच्या जागेचा भाव चढतो. मग जिची टोपली गेली वीस वर्षं झाडाखाली होती, तिची जागा कुणाच्या तरी डोळ्यांत येते. तुळजापूर आपल्यासमोर आहे. पूर्वी आईच्या दर्शनाला आलेली माणसं आपापल्या पुजाऱ्याच्या घरी उतरायची. त्या घरातल्या बाया पहाटेपासून पुरण वाटायच्या, नैवेद्याची ताटं करायच्या. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असायची. "अमक्या गावची माणसं आली" म्हटलं की चुलीवर आधण चढायचं. आता लॉज झाले, माणसं गाडीतून येतात, दर्शन घेतात आणि त्याच दिवशी परत जातात. बायांचं रात्रंदिवसाचं राबणं कमी झालं, हे बरं झालं. पण त्या राबण्यामागची ओळख गेली आणि बाईच्या हातात येणारे चार पैसेही गेले.

म्हणून एक प्रश्न सतत विचारायचा. आलेला पैसा गावात थांबतो किती? समजा, एका शहरातलं पाच माणसांचं कुटुंब गाडीनं किल्ला बघायला आलं. पेट्रोल शहरातच भरलं. पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्स कारखान्यातले. जेवण हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात. गावात राहिलं काय? दोन चहाचे पैसे आणि रिकाम्या बाटल्या. आता समजा, त्याच पाच माणसांनी गटाच्या घरगुती खानावळीत पिठलं-भाकरीचं ताट घेतलं. ताट 120 रुपयांचं, म्हणजे 600 रुपये झाले. ज्वारी आपल्या शेतातली, दळण गावातल्या गिरणीतलं, शेंगदाणे शेजारणीचे, दही तिसरीच्या म्हशीचं. तोच रुपया गावात चार हातांतून फिरला. पाहुणे तेच होते, किल्लाही तोच होता. फरक पडला तो आपल्या तयारीमुळं.

खऱ्याखुऱ्या बेटाचं उदाहरण ऐका. मुंबईहून बोटीनं तासाभरावर घारापुरी बेट आहे. उरण तालुक्यातलं. तिथल्या लेण्या बघायला जगभरातून माणसं येतात. 1987 साली त्या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. पण बेटावरच्या तीन पाड्यांत कायमची वीज पोहोचली फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. म्हणजे मान मिळाल्यावर 31 वर्षांनी! तोवर रात्री काही तास जनरेटर चालायचा. दिवसभर पाहुण्यांची वर्दळ आणि संध्याकाळी शेवटची बोट गेली की अंधार. तिथल्या बाया काकडी, कैऱ्या विकतात, काही जणी डोक्यावर हंडे घेऊन पाहुण्यांना फोटो काढू देतात आणि त्याचे पैसे घेतात. यातून शिकायचं एवढंच, की जागा जगप्रसिद्ध झाली म्हणून तिथल्या बाईच्या घरात दिवा लागतोच असं नाही. दिवा मागावा लागतो.

खंडोबाची शिकवण

मागायचं कसं, हे शिकवायला आपला खंडोबाच आहे. अणदूर आणि नळदुर्ग ही जवळजवळची गावं. दोन्हीकडं खंडोबाचं देऊळ, पण मूर्ती एकच. देव सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपूरच्या देवळात. पौष पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. देव नेताना-आणताना दोन्ही गावांचे मानकरी एकत्र बसून लेखी करार करतात. देव एक, गावं दोन आणि तरी तंटा नाही, कारण कागद आहे.

देवाच्या कामाला जर कागद लागतो, तर आपल्या टोपलीला नको का? आमच्यातली एक ताई एका यात्रेच्या गावी रस्त्याकडेला बरीच वर्षं हळद-कुंकू आणि पोत विकायची. रस्ता रुंद झाला तसं तिला उठावं लागलं. ती किती वर्षं बसत होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्याजवळ चिठोरं नव्हतं. ती आता दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. जुन्या दिवसांची हुरहूर कुणाला असेल तर तिला असावी, आणि तिच्या हुरहुरीत पोटाचा प्रश्न आहे.

म्हणून कामाच्या चार गोष्टी सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिली, पथविक्रेत्यांचा 2014 चा केंद्राचा कायदा आहे. नगरपालिकेच्या हद्दीत रस्त्यावर विकणाऱ्यांची मोजणी करून त्यांना विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं, असं त्यात आहे. त्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान 40 टक्के सभासद विक्रेते हवेत आणि त्या विक्रेत्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. नगरपालिकेत जाऊन विचारा, आपलं नाव मोजणीत आहे का? समितीत बाई कोण आहे?

दुसरी, तुमचं गाव ग्रामपंचायतीचं असेल तर हा कायदा तिथं चालत नाही. तिथं ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभेआधी महिलासभा घ्यायची असते, हे लक्षात ठेवा. गटाला विक्रीची जागा हवी असेल तर आधी महिलासभेत ठराव करा आणि तोच ग्रामसभेत मांडा. ठरावाची नक्कल मागून घ्या.

तिसरी, खायचे पदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करा. लहान व्यवसायाला वर्षाला शंभर रुपये फी आहे. ही नोंदणी नसली की मोठी मागणी हातची जाते. आपल्याकडं विकायला काय कमी आहे? कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. हुरडा आहे, कडक भाकरी आहे, शेंगाचटणी आहे. पाहुण्याला शहरात मिळतं ते इथं विकायला मांडू नका.

चौथी, राज्य सरकारचं बायांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण 2023 पासून आहे. बाईच्या मालकीचा पर्यटनाचा व्यवसाय असेल, म्हणजे घरगुती निवास, खानावळ, गाडीची सेवा असं काही, आणि त्यासाठी बँकेकडून 15 लाखांपर्यंत कर्ज घेतलं, तर त्याचं व्याज ठरलेल्या मर्यादेत पर्यटन संचालनालय परत करतं. एकूण साडेचार लाखांपर्यंत. हप्ते वेळेवर फेडावे लागतात आणि व्यवसाय खरोखर बाईनं चालवायचा असतो, नुसतं नाव लावून भागत नाही. गटाच्या बैठकीत यावर एकदा सविस्तर बोला आणि झेपेल तेवढंच कर्ज घ्या.

आणि हे सगळं आत्ताच का? कारण सोलापूर-तुळजापूर-धाराशिव असा सुमारे 84 किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग होतोय. गाडी सुरू झाली की माणसं वाढणार. जागा, भाव, दुकानं यांची सगळी मांडणी बदलणार. गाडी आल्यावर धावत जाण्यापेक्षा फलाटावर आधी पोहोचलेलं बरं.

आठवणींची वही

शेवटचं काम पैशाचं नाही, तरी तेवढंच महत्त्वाचं. प्रत्येक गटानं एक आठवणींची वही घालावी. शंभर पानी पुरेल. लिहिता येणाऱ्या मुलीला बसवावं आणि गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारावं. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचा? धुणं कुठं धुवायचा? सणाला कुठं जमायचा? कुणाला कुठं जायची मनाई होती? कोणतं झाड आता नाही? पहिली मोटार गावात आली तेव्हा कोण काय म्हणालं? चांगलं आणि वाईट दोन्ही लिहा. वस्ती कोणतीही सोडू नका. सांगणारीची परवानगी घ्या, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवा.

या वहीचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. एक तर उद्या विकासाचे आराखडे होतील तेव्हा "इथं बाया पिढ्यान्‌पिढ्या जमत आल्या, ही वाट मोकळी ठेवा" असं सांगायला आपल्याजवळ काहीतरी लेखी असेल. दुसरं, पाहुण्याला किल्ल्याची लांबी-रुंदी फलकावर वाचता येते. बुरुजावर श्वास घ्यायला येणाऱ्या मावशीची गोष्ट मात्र फक्त आपणच सांगू शकतो. उद्या आपल्याच गावातल्या मुली किल्ला दाखवायचं काम करतील, तर त्यांना सांगायला हीच शिदोरी आहे.

त्या वादाचं पुढं काय झालं, तेही सांगतो. गटानं ठरवलं, वर्षातून एकदा श्रावणात सगळ्यांनी मिळून किल्ल्यात जायचं. तिकिटाचे पैसे गटाच्या दंडाच्या रकमेतून घ्यायचे, म्हणजे कुणाला घरी मागायला नको. यंदा आम्ही गेलो. नर-मादी भरून वाहत होते. आजी हळूहळू चालत पाण्यापर्यंत आल्या, त्यांचा हात त्या दिवशी वाद घालणाऱ्या सुनेनं धरला होता. गप्प राहणाऱ्या काकू आल्या होत्या. त्यांनीच आणलेल्या भाकरीवर सगळ्यांनी ताव मारला, आणि कुणी वरून वाढलं नाही, एकाच फडक्यातून सगळ्यांनी घेतलं.

परत निघताना आजी म्हणाल्या, "पाणी तसंच हाय गं." मग काकूंकडं बघून म्हणाल्या, "आपण तेवढ्या बदललो, बरं झालं."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्या गावाचा असाच जमाखर्च मांडून बघा. दोन्ही रकाने भरा. रामराम.